तेच लाल औषध, दुसऱ्यांदा

स्तनाच्या कर्करोगासाठी डॉक्सोरुबिसिन हे औषध माझ्या अंगात दोनदा गेलं. पहिल्यांदा २०१६ साली, साधं. दुसऱ्यांदा आत्ता, मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरलेलं. रेणू तोच, लाल रंग जवळपास तोच, आणि दोन्ही खेपेला खुर्चीत बसलेली बाईही मीच. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे फरक टिपून ठेवायची खोड आहे, ती कामी आली. 'लायपोसोमल किमो' लिहून दिलेल्या ओळखीच्या दोघी-तिघींना फोनवर तेच तेच सांगत होते. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

साध्या डॉक्सोरुबिसिनला वॉर्डात सगळे लाल किमो म्हणायचे. सिस्टर मोठी सिरिंज घेऊन शेजारी स्टुलावर बसायची आणि चालू सलाईनच्या नळीत ते हळूहळू सोडायची. मध्येच कुणी हाक मारली तरी उठायची नाही, कारण शिरेबाहेर थोडं जरी गेलं तरी आसपासची कातडी आणि मांस मरतं. दर वेळी मात्रा ६० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. हे चौरस मीटर आपल्या अंगाच्या पृष्ठभागाचे. उंची आणि वजनावरून काढतात. चार डोस झाले, म्हणजे २४०. केस उशीवर, कंगव्यात, शेवटी मोरीच्या जाळीत. उलट्यांबद्दल लिहीत नाही, ज्यांना झाल्या त्यांना माहीत आहे. मग शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि पुढे हार्मोनच्या गोळ्या. त्या गोळ्यांवर बरीच वर्षं सुखात गेली.

मग गोळ्या चालेनाशा झाल्या. फुप्फुसात गाठी दिसल्या. परळच्या डॉक्टरबाईंनी जुनी फाईल काढून तो २४० चा आकडा पेनाने गोल केला. "काकू, या औषधाचा हृदयाला जन्माचा कोटा असतो. ४५० ते ५५० च्या पुढे सहसा जात नाही. तुमचा निम्मा गेलाय, वर वय आणि ब्लडप्रेशर. औषध मला तेच द्यायचंय, पण उरलेला कोटा असा उधळायचा नाहीये. लायपोसोमल देऊ." हे औषध हृदयाच्या स्नायूला जी इजा करतं ती साठत जाते आणि कधीकधी वर्षांनी वर येते, हे मला पहिल्या खेपेला कुणी एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं. तेव्हा मीही विचारलं नव्हतं म्हणा. केसांचीच काळजी मोठी होती.

विमा कंपनीने लगेच खोडा घातला. साधं औषध स्वस्त मिळतं, मग कित्येक पट महागडं का? डॉक्टरबाईंनी जुनी मात्रा, टू-डी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आणि एक परिच्छेद जोडून पत्र दिलं, आणि ते दुसऱ्यांदा पाठवल्यावर मंजुरी आली. ज्यांना आधी ही किमो झाली आहे त्यांनी जुने डिस्चार्ज कार्ड फेकू नये. त्यावरचा एकूण मात्रेचा आकडा पुढे सोन्याच्या मोलाचा ठरतो.

माझी भाची औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते, फॉर्म्युलेशन विभागात. तिनेच प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका वितरकाकडून औषध मिळवलं. तीन छोट्या कुप्या, प्रत्येकीत २० मिलिग्रॅम. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि कुप्यांना वर्तमानपत्राची जाड गुंडाळी, म्हणजे काच थेट बर्फाला टेकायला नको. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. पाणी गोठलं की मेदाचं पटल फाटू शकतं आणि आतलं सगळं बाहेर येतं. मरीन लाइन्सहून डोंबिवलीपर्यंत तिने तो डबा मांडीवर धरून आणला. फ्रिजमध्ये फ्रीझरपासून लांब, मधल्या कप्प्यात ठेवला. ह्यांनी त्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. घरात आम्ही दोघंच, तरी.

त्या रात्री भाची मुक्कामाला होती. "मावशी, तुला साबण शिकवता यायचा ना, मग हे तुला पाच मिनिटांत कळेल," म्हणाली आणि लाइटच्या बिलाच्या पाठीवर चित्र काढायला लागली. पाच मिनिटांचे दोन तास झाले. माझ्या आजारपणातली ती सगळ्यात बरी संध्याकाळ असेल.

साबणाच्या रेणूला पाण्याकडे ओढ असलेलं एक डोकं आणि पाण्याला टाळणारी एक शेपटी. म्हणून पाण्यात साबणाचे भरीव गोळे होतात, शेपट्या आत लपवून. औषधाच्या पिशव्यांचा मेद म्हणजे फॉस्फोलिपिड; त्याच्या डोक्याला दोन शेपट्या. एवढी जाडी गोळ्यात मावत नाही, म्हणून त्याचं दुहेरी पटल होतं, आणि पटलाच्या कडा पाण्यात उघड्या राहू शकत नाहीत म्हणून ते स्वतःवर वळून बंद होतं. झाली पोकळ पिशवी. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये मेद. आपल्या प्रत्येक पेशीचं पटल याच तत्त्वावर उभं आहे. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राममध्ये अ‍ॅलेक बँगहॅम या ब्रिटिश रक्तशास्त्रज्ञाने अशा पिशव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यात औषध भरता येईल हे लवकरच सुचलं. ते भरून टिकवायला मात्र तीस वर्षं लागली.

माझ्या औषधातला मुख्य मेद सोयाबीनच्या लेसिथिनचा, त्यावर हायड्रोजन चढवलेला. हे ऐकून मी हसलेच. तेलावर हायड्रोजन चढवून वनस्पती तूप कसं करतात, हा प्रश्न मी दहावीला इतक्या वेळा विचारलाय! कारणही तेच. दुहेरी बंध गेले की शेपट्या सरळ होतात, घट्ट रचल्या जातात आणि पटल कडक होतं. हे पटल पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे ३७ अंशांच्या अंगात ते ताठ राहतं, गळत नाही. शिवाय कोलेस्टेरॉल. ज्याच्या नावाने ह्यांनी तूप बंद केलंय, ते इथे भिंतीच्या फटी बुजवायला मुद्दाम घालतात.

कारखान्यात हे मेद अल्कोहोलमध्ये विरघळवून अमोनियम सल्फेटच्या गरम द्रावणात सोडतात. आपोआप लहान-मोठ्या, एकात एक अडकलेल्या पिशव्या होतात. मग ते सगळं दाब देऊन सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून पुन्हा पुन्हा ढकलतात, दर वेळी छिद्रं आणखी बारीक. शेवटी १०० नॅनोमीटरच्या आतबाहेरच्या, जवळपास एका मापाच्या पिशव्या हाती येतात. भाचीच्या मते खरी डोकेदुखी इथेच असते. प्रयोगशाळेत मूठभर करणं कुणालाही जमतं. टाकीभर करून प्रत्येक बॅचमध्ये तेच माप आणणं फार थोड्यांना. २०१२ मध्ये अमेरिकेत या औषधाचा तुटवडा झाला तेव्हा तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने गोरेगावात मुख्यालय असलेल्या सन फार्माचं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन तात्पुरतं आयात करू दिलं, आणि पुढल्या वर्षी त्यांच्या जेनेरिकला रीतसर मान्यता दिली. हे सांगताना तिची मान जरा ताठ झाली होती. तिची कंपनी वेगळी आहे, तरीही.

आणि आता भरण्याची युक्ती. ही मला वर्गात शिकवायला मिळायला हवी होती. पिशव्यांच्या आत अमोनियम सल्फेट असतं. बाहेरचं धुऊन काढतात. मग बाहेर डॉक्सोरुबिसिन घालून गरम करतात, पटल मऊ पडेल इतपत. आतल्या अमोनियम आयनातून अमोनिया सुटून पटलातून बाहेर निसटतो आणि त्याचा प्रोटॉन आत मागे राहतो. बाहेरचं डॉक्सोरुबिसिन प्रभाररहित रूपात पटल ओलांडून आत शिरतं. आत तो प्रोटॉन त्याला चिकटतो, रेणूवर प्रभार येतो, आणि प्रभार असलेल्या रेणूला मेदातून परतीची वाट नाही. वर सल्फेटशी जोडी जमून त्याचा स्फटिक होतो. एक आत अडकलं की दुसऱ्याला आत यायला जागा. कुणी ढकलत नाही, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त औषध आत जाऊन बसतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटो तिने मोबाइलवर दाखवला. गोल पिशवी आतल्या स्फटिकामुळे लांबट झालेली, मध्ये रेघ, थेट कॉफीची बी. जेरुसलेमच्या येहेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गाबिझोन यांचं हे काम. १९९५ मध्ये अमेरिकेत याला मान्यता मिळाली आणि नॅनो म्हणवणाऱ्या औषधांत ते पहिलं ठरलं.

शेवटचं अंग म्हणजे बाहेरून लावलेल्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या. त्यांच्याभोवती पाणी धरून राहतं, त्यामुळे यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींना पिशवी ओळखायला वेळ लागतो. साधं औषध काही मिनिटांतच रक्तातून निघून सगळ्या अवयवांत पसरतं, हृदयातसुद्धा. पिशवीतल्या औषधाची रक्तातली निम्मी मात्रा उतरायला दोन दिवसांहून जास्त लागतात. तोवर ती फिरत राहते. हृदयाच्या केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट. त्यांतून १०० नॅनोमीटरची वस्तू बाहेर पडत नाही. गाठीच्या वाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, फटी असलेल्या; तिथे ती झिरपते. हे जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडलं.

दुसऱ्या दिवशी परळ. डे-केअरमध्ये वजन, रक्ताचे रिपोर्ट, आधीच्या आठवड्यातला एको. फार्मसीतल्या मुलाने बॅच नंबर आणि तारीख पाहिली आणि डब्यात हात घालून गारवा तपासला. हे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, नेहमीचं सलाईन चालत नाही, नळीला फिल्टर लावायचा नाही. हे सगळं बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून लाल रेघ मारलेली होती. बाटली पाहताक्षणी फरक कळला. २०१६ चं औषध लाल आणि पारदर्शक होतं. हे लाल पण धूसर, पलीकडचं दिसत नाही. काचेच्या चंचुपात्रात ठेवून वर्गाला विचारलं असतं, तर मागच्या बाकावरचाही 'बाई, कलिल' म्हणाला असता.

यावेळी सिस्टर शेजारी बसली नाही, पंप लावला. वेग मिनिटाला १ मिलिग्रॅम. तळहात आणि तळपायांखाली बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, म्हणजे तिथल्या वाहिन्या आकसून औषध कमी पोचेल. पंख्याखाली बसलेल्या बाईला बर्फावर ठेवल्याने कुडकुडायला होतं, शाल न्यावी.

सुरू होऊन पाव तास होतो न होतो तोच चेहरा तापला, कंबरेत कळ आली आणि छातीवर कुणी हात ठेवून दाबावं तसं झालं. मी 'सिस्टर' म्हणायच्या आत तिने पंप थांबवला होता. तिचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडेच होतं. "आजी, घाबरू नका, पहिल्या वेळी होतं असं." इंजेक्शनं दिली. अर्ध्या तासात सगळं निवळलं, मग निम्म्या वेगाने पुन्हा सुरू, आणि उतरत्या उन्हात पूर्ण झालं. नेहमीची अ‍ॅलर्जी आधी ओळख झाल्याशिवाय होत नाही. इथे रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' नावाची संरक्षणयंत्रणा त्या कणांनाच पाहून भडकते, म्हणून ती पहिल्याच भेटीत होते आणि वेग कमी केला की बहुधा शमते. पुढच्या डोसांना मला काही झालं नाही.

घरी येऊन मी उलट्यांची वाट बघत बसले. बादली पलंगाशी. आल्याच नाहीत. थोडी मळमळ, जिभेला फोड, लघवी लालसर. आणि केस! विरळ झाले, पण गेले नाहीत. पहिल्या खेपेला आणलेला विग माळ्यावरून काढलाच नाही.

दुसऱ्या डोसनंतर बिल फाडलं गेलं ते हातांवर. आधी तळवे मुंग्या आल्यासारखे, मग लाल, मग सुजून चकाकणारे. तळपायांना चपलेच्या पट्ट्याखाली नेमकी पट्ट्याच्या आकाराची लाली. मुंबईत या त्रासाला किती निमित्तं असतात ते तेव्हा कळलं. लोकलची कडी घट्ट धरायची नाही. भाकरी थापायची नाही, कपडे पिळायचे नाहीत, गरम पाण्यात भांडी नाहीत, लिंबूही दुसऱ्याने पिळायचं. आणि मध्येच गणपती आले. आरतीला टाळ्या वाजवायच्या नाहीत, असं डॉक्टरबाईंनी वेगळं बजावलं होतं. त्यांना आपल्या पेशंटांची सवय माहीत. सोसायटीच्या आरतीत मी हात जोडून उभी. शेजारच्या काकू माझ्याकडे बघत होत्या, हिची भक्ती आटली की काय.

दाब, घर्षण, उष्णता. जिथे हे तीन असतात तिथल्या केशवाहिन्या ताणतात, गळतात आणि पिशव्या तिथे उतरतात. शिवाय तळव्यांवर घामाच्या ग्रंथी दाट. घामावाटे हे औषध त्वचेवर येतं असं तपासण्यांत दिसलं आहे, आणि ऑक्टोबरच्या मुंबईत घामाची काय कमतरता? मी दिवसातून कितीदा तरी गार पाण्याने हात धुऊन, टिपून, न चोळता युरियाचं मलम लावायचे. चोळायचं नाही, हे महत्त्वाचं.

तेव्हा मी भाचीला म्हटलं, मला ते मूळ संशोधन वाचायला दे. ती टाळत होती. मग दिलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी: पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ५०९ बायका, अर्ध्यांना साधं डॉक्सोरुबिसिन, अर्ध्यांना लायपोसोमल. केस गळण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून २० वर. हातापायांचा त्रास २ टक्क्यांवरून ४८ वर. हृदयाला इजा होण्याचा धोका साध्या औषधात तिपटीहून जास्त. आणि जगण्याचा मध्यक एका गटात २२ महिने, दुसऱ्यात २१. हे ती टाळत होती. मी म्हटलं, मध्यक म्हणजे काय ते मला नको शिकवू, मी तो फळ्यावर काढलाय. निम्म्या बायका त्याच्या पुढेच असतात. तरी त्या रात्री मी ते पान पुन्हा उघडलं, हे खरं.

पण त्या पानाने माझा एक समज पक्का केला. अशा औषधांबद्दलच्या बातम्यांत नेहमी गाठीवर जाऊन आदळणाऱ्या क्षेपणास्त्राचं चित्र छापतात. या पिशव्यांना डोळे नसतात. २०१६ मध्ये टोरांटोच्या गटाने दशकभरातले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून मोजलं, तर टोचलेल्या नॅनोकणांपैकी मध्यकाने ०.७ टक्केच गाठीत पोचलेले निघाले. पिशवीवर प्रतिपिंडं चिकटवून तिला गाठीचा पत्ता द्यायचे प्रयत्न झालेत. काही स्तनकर्करोगांच्या पेशींवर असणारं एचईआर-२ हे प्रथिन ओळखणाऱ्या अशाच एका लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनची मोठी चाचणी त्याच वर्षाच्या अखेरीस उपयोग दिसत नाही म्हणून थांबवावी लागली. मग आपण महागडं औषध घेतो ते कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर असं, की ते गाठीत किती जातं यापेक्षा हृदयात किती जात नाही, यासाठी. कर्करोगावर मार साधारण तेवढाच. पण तो मार देत राहायला हृदय शिल्लक राहतं. त्याची किंमत हात भरतात. हातांना नवी कातडी येते, हृदयाला येत नाही. हा व्यवहार मला पटला. भाचीला तो जरा रोखठोक वाटतो. तिचं सगळं भवितव्य पत्ता सांगणाऱ्या पिशव्यांत आहे.

चौथ्या डोसाआधी सीटी झाला. फुप्फुसातल्या गाठी थोड्या आकसलेल्या, नवी काही नाही. एकोमध्ये हृदयाचा पंप, म्हणजे दर ठोक्याला आतल्या रक्ताचा किती भाग बाहेर टाकला जातो तो आकडा, ५८ टक्के, सुरुवातीला होता तेवढाच. मात्र तळव्याची साल निघाली होती आणि पेन धरवत नव्हतं. डॉक्टरबाईंनी दोन वाटा सांगितल्या: मात्रा ४० वरून ३० वर आणायची, किंवा ४० च ठेवून चारऐवजी पाच आठवड्यांनी द्यायची. दोन्ही चालतात म्हणाल्या, निवड तुमची. मी पाच आठवडे घेतले. मधला एक जास्तीचा आठवडा हातांना मिळतो, आणि त्यात भाकरी थापता येते.